राऊटर बंद केला तरी पोरगं रात्री दोनला जागंच! – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एकच विषय परत परत दिसतोय, घरचं वाय-फाय आणि वयात येणारी मुलं. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. आणि हो, यातलं एक पत्र आईबाबांचं नाही, मुलाचं आहे, ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा नववीत आहे, १४ वर्षांचा. रात्री दीड-दोनपर्यंत पांघरुणात मोबाईलवर गेम चालू असतो आणि सकाळी उठवताना रोज तमाशा, खाली शाळेची रिक्षा हॉर्न देत उभी. वाय-फायचा पासवर्ड दोनदा बदलला तरी दुसऱ्या दिवशी याचं नेट चालूच! राऊटर सरळ बंद करावा तर ह्यांची अमेरिकेची शिफ्ट असते, रात्रीच काम. काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी पासवर्डचं सांगते, कारण यात मुलाने काही हॅकिंग वगैरे केलेलं नसणार. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये वाय-फायच्या नावावर गेलं की शेअरचं बटण असतं, ते दाबलं की क्यूआर कोड उघडतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्या कोडखाली पासवर्ड चक्क अक्षरांत लिहिलेला असतो. समजा तुम्ही नवा पासवर्ड घरातल्या आजीच्या फोनमध्ये टाकून दिलात, मग आजी स्वयंपाकघरात गेल्या की दहा सेकंदांचं काम आहे, आजीचा पिन घरातल्या सगळ्या नातवंडांना पाठ असतोच. त्यामुळे पासवर्ड बदलत बसू नका, त्याने टीव्ही, ह्यांचा लॅपटॉप, सगळ्यांचं नेट तुटतं आणि ज्याच्यासाठी केलं तो मात्र पुन्हा जोडून मोकळा.

दुसरा एक पासवर्ड असतो तो बदला, राऊटरच्या सेटिंगचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं (आकडे अर्थात इंग्रजीत) की राऊटरचं पान उघडतं, नेमका पत्ता आणि लॉगिन बहुतेक वेळा बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ते स्टिकर मुलालाही वाचता येतं! तिथला पासवर्ड जुनाच राहिला असेल तर पुढचं काही करून उपयोग नाही.

आता त्या पानावर पेरेंटल कंट्रोल, ॲक्सेस कंट्रोल किंवा शेड्यूल अशा नावाचा भाग शोधा. सगळे काय करतात, मुलाचा फोन शोधून तो ब्लॉक करतात. हे हल्ली टिकत नाही. राऊटर प्रत्येक फोनला त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे त्या फोनच्या ओळख क्रमांकावरून ओळखतो, आणि अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वाय-फायला स्वतःचा खरा ॲड्रेस न देता एक बनावट ॲड्रेस देतात. ही सोय आपल्या प्रायव्हसीसाठी केलेली आहे आणि चांगलीच आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ती बंद-चालू केली की राऊटरला तो फोन नवाच वाटतो आणि ब्लॉक गेला उडत. म्हणून यादी उलटी करायची. रात्री साडेदहा ते सकाळी सहा सगळं बंद आणि फक्त ह्यांचा कामाचा लॅपटॉप चालू, असा नियम लावायचा. नवीन दिसणारा कुठलाही फोन मग आपोआप बंदच्या बाजूला पडतो. तुमच्या बॉक्समध्ये अशी उलटी यादी नसेल तर दोन वाय-फाय नावं करता येतात का बघा, एक ह्यांच्या कामाचं, ज्याचा पासवर्ड फक्त त्या लॅपटॉपमध्ये राहील, आणि दुसरं घरच्यांचं, जे रात्री बंद होईल.

आणि एक बारीक गोष्ट जिथे बरेच जण अडकतात. राऊटरचं स्वतःचं घड्याळ. त्यात टाईम झोन जीएमटी अधिक साडेपाच केलेला नसेल तर तुम्ही रात्रीचे साडेदहा टाकता आणि नेट बंद होतं पहाटे चारला! शेड्यूल लावलं पण चालत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघायला सांगते.

एवढं सगळं केलंत तरी ते पुढचं दार झालं, मागचं दार म्हणजे त्याच्या फोनमधलं सिम. रोज दीड-दोन जीबीचा पॅक हल्ली प्रत्येक फोनमध्ये असतो आणि गेम खेळायला डेटा फार लागतच नाही, डेटा खातात ते व्हिडिओ. म्हणजे वाय-फाय गेलं तर तो दोन मिनिटांत मोबाईल डेटावर. सिमवर राऊटरचं काही चालत नाही, तिथे फोनमध्येच सोय करावी लागते, अँड्रॉइडला गूगलचं फॅमिली लिंक आणि आयफोनला स्क्रीन टाईम. दोन्हीत डाऊनटाईम म्हणून सेटिंग आहे, ठरल्या वेळेला फोन लॉक होतो, मग नेट कुठलंही असो, फोन तेवढा लावता येतो. त्याचं गूगल अकाऊंट आधीपासूनचं स्वतःचं असेल तर फॅमिली लिंक त्याच्या फोनवर त्याने स्वतः पासवर्ड टाकून संमती दिल्याशिवाय लागत नाही. म्हणजे त्याच्याशी बोलावं तर लागणारच.

ते बोलणं कसं करायचं ते सांगते. चालू गेममध्ये नेट तोडू नका. हे गेम चौघाचौघांच्या टीमने खेळतात, एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, मधेच हा गायब झाला की उरलेले तिघे दुसऱ्या दिवशी वर्गात याला शिव्या घालतात, आणि तो राग तुमच्यावर निघतो. आदल्या रविवारी सांगा की सोमवारपासून साडेदहाला बंद, दहानंतर नवी मॅच सुरू करायची नाही. शनिवारी बारापर्यंत चालेल म्हणा, ते त्याला द्याच. साडेदहा का म्हणते, तर १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात आणि याच वयात शरीराला झोप यायची वेळच पुढे सरकते, त्यामुळे नऊला झोप म्हणून आपण कितीही ओरडलो तरी त्याला झोप येतच नाही, तो नाटक करत नसतो. पण दोन म्हणजे फारच झालं, सकाळच्या शाळेला ते परवडणारच नाही.

आणि सगळे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही. गजर लावायला फोन जवळ हवा असं तो म्हणेल, त्याला साधं गजराचं घड्याळ आणून द्या. घरात आईबाबा अंथरुणात रील बघत असतील तर पोरगं ऐकणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव २०२२ मध्ये बातम्यांमध्ये होतं, आठवतं का? संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. मला त्यातलं आवडलेलं हेच की भोंगा अख्ख्या गावासाठी होता, फक्त मुलांसाठी नाही.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्स, नीटची तयारी चालू आहे. दार लावून फोनवर बसते. राऊटरमधून ती काय बघते हे मला कळू शकेल का? आमच्या ऑफिसमधल्या एकाने असं ॲप सुचवलंय की व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज आपल्या फोनवर दिसतात आणि मुलांना कळतही नाही. ऑस्ट्रेलियाने तर १६ च्या आतल्यांना सोशल मीडियाच बंद केलं, आपण एवढं तरी करू शकतो ना? – एक वडील, नाशिक

उत्तर : दादा, तुमची काळजी कळते, पण ते ॲप टाकू नका. कृपा करून टाकू नका.

आधी राऊटरचं. आज जवळपास सगळ्या साईट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे मधली माहिती कुलूप लावून जाते, त्यामुळे राऊटरला फार तर साईटचं नाव दिसतं, आतलं पान, मेसेज, फोटो काही दिसत नाही. यूट्यूब उघडलं एवढं कळेल, फिजिक्सचं लेक्चर होतं की गाणी ते कळणार नाही. त्यातून फोनमधली ॲप पाठीमागे स्वतःहून शंभर ठिकाणी जोडत असतात, ती नावंही यादीत येतात, आणि मग एखादं विचित्र नाव बघून बाप रात्रभर जागा आणि मुलगी बिचारी झोपलेली.

आणि ते चोरून मेसेज वाचणारं ॲप. ते टाकताना फोनची सुरक्षा बंद करायला सांगतात, अनोळखी ठिकाणाहून फाईल उतरवायला लावतात, आणि तुमच्या मुलीचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे हे सगळं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. तुम्ही तिला अनोळखी माणसांपासून वाचवायला निघालात आणि तिचं सगळं आयुष्य अनोळखी माणसांच्याच हातात दिलंत. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने १८ च्या आतल्या मुलांवर कंपन्यांनी पाळत ठेवायला, त्यांना टार्गेट करून जाहिराती दाखवायला मनाई केली ती उगाच नाही. आणि तिला कळणारच, आज ना उद्या कळणारच. ज्या दिवशी कळेल त्यानंतर ती खरोखर अडचणीत सापडली तरी तुमच्याकडे येणार नाही, आणि मला भीती आहे ती ह्याचीच.

कारण अडचण येते ती कशी हे जरा सांगते. कुणीतरी इन्स्टावर ओळख वाढवतं, गोड बोलून फोटो मागवतं आणि मग धमकी सुरू, पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. हे मुलांच्या बाबतीतही होतं हो, मुलगे तर जास्त लपवतात. अशा वेळी मुलाने पहिल्या तासात आईबाबांना सांगणं हेच सगळ्यात मोठं संरक्षण असतं. ते सांगण्याची हिंमत तिच्यात राहील असं घर पाहिजे. तिला आजच सांगून ठेवा, काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मी आधी तुझ्या बाजूने उभा राहीन, फोन काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका, मुलं गप्प बसतात ती फोन जाईल या भीतीने. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, लगेच फोन, मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि १८ च्या आत असताना काढलेला फोटो पसरायची भीती असेल तर टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, त्यात फोटो अपलोड होत नाही, तिच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्या सेवेत सामील झालेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर तिथे १० डिसेंबर २०२५ पासून नियम लागू झाला खरा, पण जबाबदारी टाकली ती कंपन्यांवर, मुलांवर किंवा पालकांवर दंड नाही. आणि तुमची मुलगी १६ ची आहे, तिथे असती तरी तिला अकाऊंट ठेवता आलं असतं! आपल्याकडे इन्स्टाने २०२५ मध्ये टीन अकाऊंट आणलंय, १८ च्या आतल्यांचं अकाऊंट आपोआप प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, अनोळखी लोकांना मेसेज करता येत नाही. फक्त जन्मतारीख खरी टाकलेली पाहिजे, आणि बहुतेकांनी पाचवी-सहावीत अकाऊंट काढताना ती खोटी टाकलेली असते. तेवढं तिच्यासोबत बसून, तिच्या हाताने, दुरुस्त करून घ्या. मेसेज वाचायचे नाहीत, सेटिंग दोघांनी मिळून बघायचं.

बाकी दार लावून बसणं... १६ व्या वर्षी बसतात दादा. झोप, जेवण, मैत्रिणी हे सगळं ठीक चालू असेल तर दार बंद असू द्या. हे बिघडलं तर मात्र राऊटर सोडा आणि तिच्याजवळ बसा, गरज वाटली तर समुपदेशकाकडे न्या.

प्रश्न : यूट्यूब चालू ठेवून फक्त शॉर्ट्स राऊटरमधून बंद करता येतात का? क्लासची लेक्चर यूट्यूबवरच असतात. – एक आई, अकोला

उत्तर : नाही ताई, येत नाहीत. शॉर्ट्स आणि लेक्चर एकाच साईटवरून येतात, राऊटरला फरक कळत नाही. लेक्चर टीव्हीवर किंवा हॉलमधल्या लॅपटॉपवर लावा, मोठ्या स्क्रीनवर अंगठ्याने सरकवत बसणं होत नाही. मोबाईलवर बघू द्याल तर अर्ध्या तासाचं लेक्चर दोन तास चालेल.

प्रश्न : ताई मी दहावीत आहे. बाबांनी राऊटरमध्ये १.१.१.३ असं काहीतरी टाकलंय त्यामुळे काही साईट उघडत नाहीत. मी वाईट काही बघत नाही पण मला गेम बनवायला शिकायचंय आणि त्याचा एक फोरम पण बंद झालाय. मित्र म्हणतो फ्री व्हीपीएन टाक. टाकू का? बाबांना विचारलं की ओरडतात. – कोल्हापूर

उत्तर : तू विचारलंस हे फार बरं केलंस. बाबांनी काय केलंय ते आधी समजून घे, म्हणजे त्यांच्याशी बोलता येईल. साईटचं नाव टाकलं की त्या नावाचा पत्ता शोधून देणारी एक सेवा असते, डीएनएस. १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा फॅमिली डीएनएस आहे, २०२० पासून फुकट आहे, तो अश्लील साईट आणि व्हायरसवाल्या साईटचा पत्ता देतच नाही, बाकी सगळं चालू ठेवतो. तुझ्या बाबांनी चांगली निवड केलीय. तो तुमच्या सगळ्या घराला लागू आहे, बाबांच्या फोनला पण. आणि या यादीत कधीकधी चांगली साईटही चुकून अडकते, तुझ्या फोरमचं तसंच झालं असेल.

व्हीपीएन टाकू नकोस. तुझं सगळं नेट मग त्या व्हीपीएनवाल्याच्या मशीनमधून जातं, कुठल्या साईटवर गेलास ते त्याला दिसतं, आणि फुकट देणाऱ्याला पैसे कुठूनतरी मिळवायचेच असतात, ते तुझी माहिती विकून किंवा जाहिराती घुसवून. मित्राला पण सांग हे. शिवाय बाबांना ते ॲप दिसलं की गेम बनवायचं शिकणं राहिलं बाजूला आणि सगळं भांडण व्हीपीएनवर येईल.

त्यापेक्षा असं कर. त्या फोरमचं नाव, तिथे काय शिकायला मिळतं आणि तू आतापर्यंत काय बनवलंस हे कागदावर लिही. बाबा जेवून निवांत बसले की त्यांना बनवलेलं खेळून दाखव, मग कागद दे. १.१.१.३ मध्ये एखादी साईट वेगळी उघडता येत नाही, पण क्लाउडफ्लेअरला साईट चुकीच्या यादीत आहे असं कळवता येतं, त्यांचा फॉर्म आहे, तो तू आणि बाबा मिळून भरा. तोवर दुसरा उपाय म्हणजे ज्या फिल्टरमध्ये आपली स्वतःची परवानगीची यादी ठेवता येते असा बाबांनी लावायचा.

आणि बाबांसाठी इथेच लिहिते, त्यांना हे दाखव. दादा, तुम्ही लावलेला फिल्टर राहू द्या. दुसरा पत्ता १.०.०.३ पण टाकलाय ना बघा, आणि नेटला आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलाही डीएनएस बदलावा लागतो नाहीतर अर्धं घर फिल्टरच्या बाहेर राहतं. पण मुलाने विचारलं तर ओरडू नका. दहावीचा मुलगा गेम खेळायला नाही, बनवायला मागतोय! त्याला नाही म्हणायचं असेल तरी कारण सांगा, आणि पुढच्या वर्षी काय मोकळं करणार तेही सांगा. १३ व्या वर्षीचे नियम १७ व्या वर्षी तसेच ठेवले तर १८ ला हॉस्टेलवर गेल्या दिवशी सगळं एकदम सुटतं, आणि तिथला राऊटर तुमच्या हातात नसतो.

प्रश्न : मुलाने राऊटरच्या सेटिंगचा पासवर्डच बदलून टाकलाय, सांगत नाही. १५ वर्षांचा आहे. रिसेट करू का? – लातूर

उत्तर : करता येतो, मागे बारीक छिद्र असतं त्यात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. पण थांबा, रिसेट केलं की नेटवाल्याने भरलेली सेटिंग पण जाते आणि नेट बंद पडतं. आधी नेटवाल्याला फोन करून कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, काही फायबरच्या बॉक्समध्ये तर त्यालाच येऊन सेट करावं लागतं. आणि रिसेटचं हे बटण मुलालाही माहीत असणार, त्यामुळे बॉक्स हॉलमध्ये सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर असू द्या.

माझं ऐकाल तर रिसेटच्या दिवशी त्याला शेजारी बसवा. त्याला हे जमतं म्हणजे डोकं आहे. नवा पासवर्ड तुमच्याकडे राहील, पण घरातल्या नेटची बाकी कामं, सॉफ्टवेअर अपडेट करणं, आजोबांचा टीव्ही जोडून देणं, वरच्या खोलीत रेंज का येत नाही ते शोधणं, ही त्याच्याकडे द्या. रात्रीची वेळ किती ठेवायची हे तिघांनी बसून ठरवा, त्यात त्याने अकरा मागितले आणि तुम्ही साडेदहा म्हणत असाल तर पावणेअकरा करा, आणि पहिल्या परीक्षेपर्यंत तेच ठेवा.